आतड्यांच्या जुनाट दुखण्यावर चाकोरीबाहेरचे उपाय, कुणी केलेत का? (भावासाठी विचारतोय)

रातांबा
मंडळी, नेहमी वाचतो पण धागा पहिल्यांदाच काढतोय. माझा धाकटा भाऊ, हर्णैला बोटीवर असतो. बरीच वर्षं पोटाचा त्रास, आधी सगळे म्हणाले बाहेरचं खाणं आणि बोटीवरचं पाणी, मग रक्त पडायला लागलं तेव्हा मुंबईला नेऊन कोलोनोस्कोपी केली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. आतड्याची सूज कमी करणाऱ्या मेसालामिनच्या गोळ्या चालू आहेत, मधे मधे प्रेडनिसोलोनचा, म्हणजे स्टिरॉइडचा, कोर्स होतो, तो चालू असेपर्यंत बरं असतं आणि डोस कमी करत आणला की पुन्हा आव, रक्त, पोटात मुरडा. ट्रॉलरवर संडासची काय सोय असते ते इथल्या दर्यावर्दी लोकांना सांगायला नको. दिवसातून पंधरा वेळा जायला लागलं तर माणूस खोल समुद्रात करणार काय?

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, त्याला तेव्हा बोटीवर जायचंच आहे, आणि म्हणून आता तो म्हणतो गोळ्या बंद, दुसरं काहीतरी करून बघू. घरी येणारा प्रत्येक पाहुणा एक उपाय सांगून जातो. कुड्याची साल, बेलफळ, गोमूत्र, एका ठिकाणची पुडी, बेंबी बसवणं, कौल लावणं. आणि तो स्वतः मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघत बसतो, त्यात कुणी जंताची अंडी पितात आणि कुणी निरोगी माणसाची विष्ठा एनिमातून घेतात. हे खरं आहे का? कुणाला काही माहिती असेल तर सांगा, चेष्टा नको कृपया, घरात सगळ्यांचा धीर सुटत चाललाय.

मालवणी_आजो
चेष्टा कशाक करू बाबा. तुमका सांगतंय, घाबरू नकात. आमच्याकडे कायव झाला की पयली पेज. उकड्या तांदळाची, मऊ शिजवलेली, मीठ घालून, वर थोडं तूप. पोट बिघडलेलं असेल तेव्हा नारळाच्या वाटपाची आमटी, तळलेले बांगडे, कुळथाची उसळ सगळं बंद. माझ्या आवशीने पांढऱ्या कुड्याची साल ताकात उगाळून दिलेली मला आठवते, कडू जहर, पण आव थांबायची. आणि पावसाच्या तोंडावर कुड्याच्या फुलांची भाजी घरात व्हायचीच. बेंबी सरली म्हणून तेल लावून चोळायची एक म्हातारी गावात होती, तिच्या हातानं आराम पडायचा हे मी स्वतः अनुभवलंय. पण रक्त पडत असेल तर मात्र मी काही सांगणार नाही, तिथे माझं ज्ञान संपलं.

चिपळूणची_लॅबवाली
रातांबा, मी लॅबमध्ये काम करते त्यामुळे रोज असे पेशंट बघते. आजोंच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. लोक "पोटाचं जुनं दुखणं" या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळे आजार घालतात आणि मग एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला देतात. एक आयबीएस, म्हणजे आतडं दिसायला ठणठणीत पण चालायला नाठाळ, गॅस, कळ, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, रक्त नाही, वजन घटत नाही. दुसरा तुमच्या भावाचा, आयबीडी, यात अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स येतात, यात आतड्याला खरोखर सूज आणि जखमा असतात. आणि तिसरा आपल्या देशात कधीच विसरायचा नाही असा, आतड्याचा टीबी. टीबी आणि क्रोन्स दोघांची आवडती जागा एकच, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे, आणि बायोप्सी करूनसुद्धा कधीकधी डॉक्टरांना ठरवणं अवघड जातं. टीबी असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर टीबी भडकतो. म्हणून ज्याला कुणाला "मला पण असंच होतं" वाटून इथला उपाय उचलायचा असेल त्याने आधी आपलं नेमकं काय आहे ते बघा.

कॅलप्रोटेक्टिन म्हणून शौचाची एक टेस्ट असते, आतड्यात सूज असली की ते वाढतं, आयबीएसमध्ये सहसा वाढत नाही. भावाची शेवटची कधी केली होती? तब्येत कुठे आहे ते त्याच्या "बरं वाटतंय" वर ठरवू नका, आकड्यावर ठरवा.

राजापूरकर_नवी_मुंबईत
जंत आणि विष्ठा दोन्हीबद्दल लिहितो, औषधांच्या संशोधनातच काम आहे त्यामुळे हे वाचलेलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, व्हिडिओवाल्यांनी बनवलेल्या नाहीत, फक्त ते अर्धीच गोष्ट सांगतात.

जंतांचं असं की ज्या देशांत जंत गेले त्या देशांत हे आजार वाढले असं दिसलं, त्यावरून अमेरिकेत आयोवाला जोएल वाइनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटलं की जंत आपल्या प्रतिकारशक्तीला थोडं शांत ठेवत असतील. त्यांनी डुकराच्या पोटातल्या एका जंताची अंडी वापरली, कारण तो माणसाच्या पोटात फार काळ टिकत नाही. २००५ साली कोलायटिसच्या ५४ पेशंटवर ट्रायल आली, दर दोन आठवड्यांनी २५०० अंडी, १२ आठवडे. अंडी घेतलेल्यांपैकी ४३ टक्के सुधारले, खोटं औषध घेतलेल्यांपैकी १७ टक्के. सगळीकडे गाजलं ते. व्हिडिओ इथे थांबतात. पुढे क्रोन्सवर मोठी ट्रायल झाली आणि २०१३ मध्ये निकाल आला की खोट्या औषधापेक्षा काहीही जास्त फरक नाही. बाजारात ते औषध कधी आलंच नाही.

काही लोक हुकवर्म, आपला अंकुशकृमी, मुद्दाम लावून घेतात. आपल्याकडे अनवाणी मातीत फिरून तो फुकट लागायचा आणि लोक पांढरेफटक पडायचे, कारण तो आतड्याला चिकटून रक्तच पितो. शाळांमधून १० फेब्रुवारीला जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी देतात ती याच्यासाठीच. ज्या माणसाचं आधीच रक्त जातंय त्याच्या पोटात अजून एक रक्त पिणारा सोडायचा? भावाला हे एवढं जरूर सांगा.

विष्ठेचं मात्र प्रकरण जास्त भक्कम आहे. १९५८ साली डेन्व्हरच्या एका सर्जनने, बेन आइसमन त्यांचं नाव, अँटिबायोटिकनंतर जिवावर बेतलेल्या चार पेशंटना असा एनिमा दिला आणि ते वाचले. २०१३ मध्ये क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूच्या वारंवार होणाऱ्या जुलाबांवर नेदरलँड्समध्ये ट्रायल झाली, १६ पैकी १३ जण पहिल्याच डोसला बरे, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकवर १३ पैकी ४. फरक इतका मोठा की ट्रायल मधेच थांबवली. पण तो आजार वेगळा. तिथे अँटिबायोटिकने सगळे चांगले जंतू मारलेले असतात आणि ते परत पेरायचे असतात. कोलायटिसमध्ये शरीर स्वतःच आतड्यावर उठलेलं असतं. तरी त्यावरही काम चालू आहे, आपल्याकडे लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजमध्ये आणि दिल्लीच्या एम्समध्ये, आणि काही पेशंटना फायदा दिसलाय, पण ते सगळं अभ्यासाचा भाग म्हणून, दात्याच्या ढीगभर तपासण्या करून.

रातांबा
राजापूरकर, खूप आभार. आता एक विचारतो आणि हे विचारायलाच धागा काढला होता असं समजा. भावाने माझ्या वहिनीच्या मागे लागून घरचा जुना मिक्सर बाजूला काढून ठेवायला सांगितलाय. त्याच्या मित्राची तब्येत एकदम चांगली, त्याचं घेऊन घरीच एनिमा करायचा म्हणतो. व्हिडिओत बघून मिठाचं पाणी किती, गाळायचं कशाने, सगळं वहीत लिहून ठेवलंय. वहिनी घाबरून मला फोन करते.

राजापूरकर_नवी_मुंबईत
नको. अजिबात नको. आज रात्रीच त्याच्याशी बोला. २०१९ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने, इशारा काढला होता, चांगल्या हॉस्पिटलांतल्या अभ्यासात दोन पेशंटना दात्याच्या विष्ठेतून औषधांना दाद न देणारा ई-कोलाय जंतू गेला आणि त्यातला एक पेशंट दगावला. दाता धडधाकट होता, त्याला काहीच त्रास नव्हता. तुमच्या भावाच्या आतड्याला जखमा आहेत, वर स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती खाली गेलेली, म्हणजे आत गेलेल्या जंतूला दार सताड उघडं. मित्राची तब्येत चांगली आहे म्हणून त्याला हिपॅटायटिस नाही, परजीवी नाहीत हे कुणी तपासलंय?

वैद्य_दापोली
मी बीएएमएस, दापोली परिसरात प्रॅक्टिस. वर कुड्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. कुटज, म्हणजे कुडाच, हा आमांशावरचा आमचा फार जुना आणि चांगला आधार आहे, कुटजारिष्ट, कुटजघन वटी आम्ही रोज देतो, बेल आणि ताक ही जोडी ग्रहणीच्या, म्हणजे आतड्याच्या जुनाट विकाराच्या, उपचारात कायम असते. आजोंच्या आवशीने ताकात साल उगाळून दिली ते शास्त्राला धरूनच होतं. पण जंतूने झालेला आमांश आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस यांत अंतर आहे आणि कुटजाने रक्त थोडं थांबलं म्हणून आतली सूज गेली असं मी कुठल्याही पेशंटला सांगत नाही.

दुसरं, पर्पटीबद्दल बोलायला हवं कारण भावाला कुणीतरी सांगणारच. पारा आणि गंधक खलून कज्जली करतात, ती तुपात वितळवून केळीच्या पानावर ओतून दाबतात, त्याची पापडी होते म्हणून पर्पटी. जुन्या ग्रंथांत ग्रहणीवर ही चढत्या मात्रेने देतात, पथ्याला नुसतं दूध किंवा ताक, मीठ आणि पाणीसुद्धा बंद. हे घरी बसून, यूट्यूब बघून करायचं औषध नाही. रोज रक्त जाणाऱ्या माणसाचं मीठपाणी बंद केलं तर तो दोन दिवसांत कोसळेल. आणि ज्या बाटलीवर कंपनी, बॅच नंबर, लायसन्स नंबर नाही ते औषध आयुर्वेदाचं नाव लावलेलं असलं तरी घेऊ नका, हे मी स्वतः वैद्य म्हणून कळकळीने सांगतोय. अशा पुड्यांमुळे आमचं चांगलं शास्त्र बदनाम होतं.

वेंगुर्ल्याची_सून
वैद्यांनी पुडीचं लिहिलं म्हणून आमच्या घरातलं सांगते. माझ्या मामेसासऱ्यांना हाच आजार होता. एका माणसाकडून, नाव गाव सांगत नाही, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली राखाडी पुडी यायची, मधातून चाटायची. पहिल्या पंधरवड्यात जादू झाल्यासारखा फरक. रक्त बंद, भूक इतकी वाढली की सकाळी उठल्या उठल्या घावणे मागायचे. गावातून माणसं त्यांना बघायला यायची आणि त्यांच्या सांगण्यावरून पुडी आणायला जायची. हळूहळू चेहरा गोल व्हायला लागला, मानेमागे चरबीचा उंचवटा, हातापायाच्या काड्या, पोटावर जांभळे पट्टे. आम्ही म्हणायचो बाळसं धरलंय. मग पुडी देणारा काही दिवस भेटला नाही, पुडी एकदम बंद पडली आणि तिसऱ्या चौथ्या दिवशी हे अंथरुणातून उठेनात, उलट्या, बीपी पार खाली. गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं की कुठली पुडी खात होता. त्यात स्टिरॉइड होतं. म्हणजे जे औषध डॉक्टर मोजून, उतरत्या डोसने देतात तेच कुणीतरी न मोजता कुटून घातलेलं. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं आणि ते अचानक बंद केलं की जीव जाऊ शकतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. ते वाचले, पण ज्यांना ज्यांना त्यांनी पुडी सांगितली होती त्या प्रत्येकाच्या घरी नंतर माझे मिस्टर जाऊन सांगून आले.

चिपळूणची_लॅबवाली
बाप रे. आणि शिशाचं पण जोडते. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, २००४ चा पेपर आहे. शिशाचं विष अंगात चढलं की पोटात भयंकर कळा येतात, बद्धकोष्ठ होतं, रक्त कमी होतं. म्हणजे पोटदुखीवर पुडी, पुडीने पोटदुखी, म्हणून अजून पुडी. कुणी अशी पुडी आधीपासून घेत असेल आणि कारण सापडत नसेल तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची टेस्ट करायची का विचारा.

सुपारीबाग
मी दुसऱ्या बाजूने लिहिते कारण मला आयबीएस आहे, कोलायटिस नाही, आणि मला चाकोरीबाहेरच्याच गोष्टींनी बरं वाटलं. लॅबवाली ताई म्हणाल्या तसं सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणायचे काही झालेलं नाही, आणि इकडे मी लग्नाकार्याला जायचं सोडलं होतं. सासूबाईंनी ग्रामदेवतेला कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, खरंच काही दिवस बरं वाटलं. कुणी हसू नका, कारण नंतर मी वाचलं की २०१० मध्ये हार्वर्डच्या लोकांनी आयबीएसच्या ८० पेशंटवर प्रयोग केला, अर्ध्यांना सरळ सांगून, की ही साखरेची गोळी आहे, औषध नाही, तीच दिली, आणि तरी त्यातल्या ५९ टक्क्यांना आराम पडला, काहीच न दिलेल्यांत ३५ टक्क्यांना. आपली विचारपूस होतेय, कुणीतरी लक्ष देतंय याला या आजारात केवढं महत्त्व आहे ते मी जगलेय.

टिकाऊ फरक मात्र पडला तो जेवणाने. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश युनिव्हर्सिटीने काढलेली लो फॉडमॅप पद्धत, ज्या पदार्थांनी आतड्यात आंबून गॅस होतो ते काही आठवडे बंद करायचे आणि मग एकेक परत आणून बघायचं. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं. आणि आपल्या भागातलं दुःख म्हणजे काजू आणि आंबा दोन्ही त्या यादीत! मला ओल्या काजूची उसळ सोडावी लागली, हापूस मात्र दोन फोडी चालतो. भात, पेज यांना काही धक्का नाही. सोलकढी मी बिनलसणाची करते. हे कायमचं पथ्य नाही, परत आणून बघणं हाच त्यातला मुद्दा आहे, नाहीतर माणूस खाणंच सोडतो आणि खंगतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला १९८४ पासून आयबीएसवर संमोहनाने उपचार करतात, तेही ऐकायला विचित्र पण अभ्यासात टिकलेलं आहे. पण रातांबा, यातलं काहीही रक्त थांबवणार नाही. तुमच्या भावाचा आजार माझा नाही.

रातांबा
सगळ्यांचं वाचलं, भावालाही वाचून दाखवलं. वेंगुर्ल्याच्या ताईंची पोस्ट ऐकून गप्प बसला बराच वेळ. मिक्सर परत माळ्यावर गेलाय.

पण मला एक बोलू द्या. तो हट्टाने गोळ्या सोडतोय असं नाही. पहाटेच्या एसटीने निघायचं, दिवसभराची ओपीडीची रांग, आत गेल्यावर मान वर न करता "तेच चालू ठेवा". आजार काय आहे, का परत परत होतो, बोटीवर जाता येईल का, लग्न करावं का, कुणी काही बोलत नाही. आणि पुडीवाला तासभर बसवून घेतो, चहा देतो, पोटाला हात लावून बघतो. माणूस कुणाकडे जाईल? आणि पूर्वी डॉक्टर लोकही जे अशक्य म्हणायचे ते नंतर खरं निघालंच ना.

राजापूरकर_नवी_मुंबईत
तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. जठरातल्या अल्सरचंच घ्या, सगळे म्हणायचे टेन्शन आणि तिखटाने होतो, ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल म्हणायचे जंतूने होतो, कुणी ऐकेना म्हणून १९८४ मध्ये त्यांनी तो जंतू स्वतः प्यायला आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ ला रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पण त्यांनी आधी आणि नंतर दुर्बिणीने तपासणी केली, सगळ्या जगाला उघड दाखवलं. पुडीवाला त्यात काय आहे तेवढंसुद्धा सांगत नाही.

भावाला काहीतरी जास्तीचं करायचंच असेल तर डॉक्टरांना हळदीबद्दल विचारा. हळदीतलं कर्क्युमिन, रोज ३ ग्रॅम, मेसालामिन चालू ठेवून त्याच्या जोडीला, अशी ५० पेशंटची ट्रायल २०१५ मध्ये आली आणि निकाल चांगला होता. एम्समध्ये कमी डोस, ४५० मिलिग्रॅम देऊन बघितला तर उपयोग झाला नाही. आता हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के, म्हणजे ३ ग्रॅमसाठी रोज १०० ग्रॅम हळद खावी लागेल, त्यामुळे हळदीच्या दुधावर विसंबून राहू नका. आणि बाजारात मिऱ्याचा अर्क घातलेल्या कॅप्सूल मिळतात त्यांनी काही जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून विचारूनच.

आणि "तेच चालू ठेवा" हे उत्तर घेऊन परत येऊ नका. सारखं सारखं स्टिरॉइड लागतंय याचा अर्थ चालू औषध पुरत नाही. पुढच्या पायरीची औषधं आहेत, अ‍ॅझाथायोप्रिन, इंजेक्शनं, आता टोफासिटिनिबची गोळी आपल्याकडे बऱ्याच कंपन्या बनवतात. त्यातल्या बऱ्याच औषधांआधी लपलेल्या टीबीची तपासणी करतात. "मला स्टिरॉइडशिवाय राहायचंय, त्यासाठी पुढे काय?" हा प्रश्न कागदावर लिहून न्या.

मालवणी_आजो
ह्या माका पटला. कागदार लिवन न्या आणि सोबत घरचा एक माणूस जा. एकटो पेशंट अर्धा विसारता.

चिपळूणची_लॅबवाली
रातांबा, अजून एक. कॅलप्रोटेक्टिन करायच्या आधी विचारायचं राहिलं, भाऊ कसल्या पेनकिलर घेतो का? डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वगैरे? त्याने टेस्टचा आकडा पण वर जातो आणि कोलायटिससुद्धा उसळू शकतो.

रातांबा
ताई, घेतो. जाळी ओढून कंबर धरते म्हणून मेडिकलमधून स्ट्रिप आणून ठेवलेली असते. सकाळी उठल्यावर कंबर अगदी लाकडासारखी होते, चालल्यावर सुटते असं म्हणतो. आम्ही सगळे बोटीचं कामच तसं म्हणून सोडून द्यायचो. डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही, त्यांनीही विचारलं नाही.

चिपळूणची_लॅबवाली
मग ते पहिलं सांगा, हळदीच्याही आधी. सकाळी आखडणारी आणि हालचालीने सुटणारी कंबर ही या आजाराबरोबर येणारी सांध्यांची सूज असू शकते, कामाची नसेलही. तसं असेल तर डॉक्टर औषध निवडतानाच वेगळा विचार करतील, कारण त्यातली काही औषधं आतडं आणि कंबर दोन्हीवर चालतात. तोवर ती गोळी बंद ठेवून दुसरं काय घेता येईल ते त्यांनाच फोनवर विचारा. मेसालामिन बंद करायचं नाही.

रातांबा
स्ट्रिपचा फोटो काढून ठेवलाय, डायक्लोफेनॅकच आहे. सोमवारी आधी फोन करतो आणि मग मी आणि वहिनी दोघं त्याच्यासोबत जातो. कॅलप्रोटेक्टिनचं सॅम्पल तुमच्या लॅबला दिलं तर चालेल का, आणि कशात आणायचं?

चिपळूणची_लॅबवाली
चालेल. मेडिकलमध्ये रुंद तोंडाची सॅम्पलची डबी मिळते, त्यात घ्या, लघवी आणि पाणी मिसळू देऊ नका, वर नाव आणि वेळ लिहा आणि सकाळीच घेऊन या.